वाचकांच्या फोटोंखाली तीन आकडेही छापावेत

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

श्रावण लागला की आपल्या दैनिकात वाचकांचे फोटो येऊ लागतात. मंगळागौर, दहीहंडी, घरचे गणपती, गौरी, विसर्जनाची मिरवणूक. फोटोखाली काढणाऱ्याचे नाव आणि गाव असते. त्याच ओळीत शटरचा वेग (ते सेकंदाच्या किती भागापुरते उघडले), अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा लहान तितके छिद्र मोठे) आणि आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ते) हे तीन आकडेही छापावेत, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र. जागा फार लागत नाही. ‘१/१२५, एफ ४, आयएसओ १६००’ एवढेच. वाचकाला ते वेगळे लिहून पाठवावे लागत नाहीत, कारण कॅमेरा प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये आपणहून त्यांची नोंद करतो. फक्त फोटो ई-मेलने मागवावेत, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून. नेहमीसारखा पाठवला तर व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करते आणि ही नोंद पुसते. मोबाइलच्या फाइलमध्ये कधी कधी घराचे नेमके ठिकाणही नोंदलेले असते. ई-आवृत्तीत फोटो टाकण्यापूर्वी ते मात्र काढून टाकावे.

या तीन आकड्यांवर आमचा एवढा भर का, ते सांगतो. २०१० च्या आगेमागे घेतलेले डीएसएलआर (लेन्स बदलता येणारे मोठे कॅमेरे) आणि खिशात मावणारे छोटे कॅमेरे आज कितीतरी घरांत कपाटात पडून आहेत. सणाला ते बाहेर निघतात, चार फोटो हललेले नाहीतर काळे येतात, आणि ‘बिघडला’ म्हणून कॅमेरा परत आत जातो. जपानी कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली त्यांच्या सभासद कंपन्यांनी १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे बाजारात पाठवले होते. २०२३ साली तो आकडा ७७ लाखांच्या आसपास आला. नवा कॅमेरा महाग झाला आहे, जुन्याचे सुटे भाग मिळणे अवघड होत चालले आहे. म्हणून आहे तो कॅमेरा नीट वापरता येणे आज जास्त मोलाचे आहे. आणि दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या पुष्कळ कॅमेऱ्यांचा एकही स्क्रू उघडावा लागत नाही. दोष डायलवर, कार्डात, बॅटरीत किंवा दोन कॉन्टॅक्टच्या मध्ये बसलेल्या मळात असतो. तो ओळखायला सुरुवात त्या तीन आकड्यांपासूनच करावी लागते.

फसलेला फोटो पुसून टाकण्यापूर्वी कॅमेऱ्याच्या पडद्यावर भिंगाचे बटण दाबून मोठा करून पाहावा. सगळाच फोटो एका दिशेला ओढल्यासारखा, समईच्या ज्योतीची छोटीशी रेघ झालेली, असे असेल तर हात हलला. शटरचा आकडा काढून पाहा, १/१५ किंवा १/८ असे काही सापडेल. मखर स्वच्छ आले आहे पण आरती ओवाळणारे हात धुरासारखे दिसत आहेत, तर शटर त्या हालचालीला मंद पडले. इथे ट्रायपॉड लावून काही होत नाही, लेन्समधल्या स्थिरीकरणानेही नाही. ते फक्त आपल्या हाताची थरथर सावरते, समोरच्याची नव्हे. मूर्तीचा चेहरा मऊ आणि पुढ्यातल्या दूर्वा मात्र धारदार, तर फोकस चुकीच्या जागी बसला. आणि सगळीकडे सारखेच दुधाळ, दिव्यांभोवती वलये, असे असेल तर लेन्सच्या काचेवर बोटाचा ठसा आहे, वाफ आहे किंवा आत बुरशी आहे. चारही फोटोंना आपण ‘ब्लर’ म्हणून मोकळे होतो, पण चौघांचे उपाय वेगळे आहेत. पहिल्या तिघांना दुरुस्तीवाल्याची गरज नाही.

हात हलू नये म्हणून एक जुना हिशोब आहे. लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्स दूरचे किती जवळ आणते तो आकडा) जितके मिलिमीटर, सेकंदाचे तितके भाग करून त्यातल्या एका भागाहून शटर मंद नको. बहुतेक घरगुती डीएसएलआरचा सेन्सर (चित्र टिपणारा आतला चौकोनी तुकडा) लहान असतो, म्हणून त्या आकड्याला निकॉन-सोनीत १.५ ने आणि कॅननमध्ये १.६ ने गुणायचे. म्हणजे किटमधली, कॅमेऱ्याबरोबर आलेली, १८-५५ लेन्स ५५ वर असेल तर १/८० च्या खाली जाऊ नये; २०० मिमीवर १/३०० च्या खाली नको. स्थिरीकरण चालू असेल तर दोन-तीन पायऱ्यांची सवलत मिळते (दर पायरीला शटर निम्म्या वेगाने).

आता कॅमेऱ्यावरच्या मोडच्या डायलकडे. हिरव्या ‘ऑटो’वर कॅमेरा सगळेच ठरवतो: फ्लॅश उडवायचा की नाही, आयएसओ किती, फोकस कुठे. उजेडात हे चालते. घरातल्या गणपतीसमोर ऑटो फ्लॅश उडवतो आणि समईचा, माळांचा सोनेरी उजेड पुसून टाकतो; मागे भिंतीवर काळी सावली तेवढी उरते. त्याच्या शेजारचा ‘पी’ मोड लोकांना उगाचच अवघड वाटतो. त्यातही शटर आणि अ‍ॅपर्चर कॅमेराच निवडतो, पण फ्लॅश आपण उघडल्याशिवाय उडत नाही, आयएसओ आपल्याला ठरवता येतो आणि उजेड कमी-जास्त करण्याचे अधिक-उणे बटण चालू होते. बोटाखालची चकती फिरवली तर तेवढ्याच उजेडाच्या दुसऱ्या जोड्या मिळतात: १/६० व एफ ८ ऐवजी १/१२५ व एफ ५.६, किंवा १/२५० व एफ ४. ऑटोवरून पुढे जाणाऱ्याने पहिला महिना ‘पी’वरच राहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

निकॉन आणि सोनीवर ‘ए’ आणि ‘एस’ ही अक्षरे असतात. कॅननवर त्याच कामासाठी ‘एव्ही’ आणि ‘टीव्ही’ लिहिलेले असते. इथला टीव्ही म्हणजे टाइम व्हॅल्यू, शटरची वेळ. ‘ए’मध्ये आपण अ‍ॅपर्चर ठरवायचे, शटर कॅमेरा जुळवतो. सत्यनारायणाला जमलेल्या घरच्या मंडळींच्या तीन रांगा असतील तर एफ ८; एफ १.८ ठेवला तर पुढची रांग धारदार आणि आजी-आजोबा मागे पुसट. एकट्या गौरीच्या मुखवट्यासाठी एफ २.८ किंवा लेन्स देईल तेवढा छोटा आकडा. एफ २२ पर्यंत जाण्याचा मोह टाळावा, कारण इतक्या बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि फोटो उलट मऊ पडतो. एफ ११ पर्यंत ठीक. ‘एस’मध्ये शटर आपले. पळणाऱ्या मुलांना १/५००. दहीहंडीचा थर कोसळताना १/१०००, आणि हंडी फुटून दह्याचे थेंब हवेत गोठवायचे तर तेवढेच. ढोल-ताशाला मात्र १/२५० पुरे: वादकाचा चेहरा स्थिर येतो, ढोलावर पडणारे टिपरू किंचित पुसट होते आणि वाजवण्याचा जोर दिसतो. १/१००० ला टिपरू हवेत टांगल्यासारखे दिसते, ताल निघून जातो. लेझीमचेही तसेच. सह्याद्रीतल्या धबधब्याला रेशमी करायचे तर १/४ ते १ सेकंद, ट्रायपॉड आणि आयएसओ १००.

‘एस’ मोडमध्ये एक फसगत नेहमी होते. संध्याकाळी मिरवणुकीत १/१००० लावले, आयएसओ १०० वरच राहिला, आणि अ‍ॅपर्चरचा आकडा पडद्यावर लुकलुकू लागला. कॅमेरा सांगत असतो की लेन्स पूर्ण उघडली तरी उजेड पुरत नाही. लोक तसेच बटण दाबतात आणि काळे फोटो आले की सेन्सर गेला म्हणतात. लुकलुकणारा आकडा दिसला की आयएसओ वाढवायचा किंवा शटर मंद करायचे. सोपा मार्ग म्हणजे आयएसओ ‘ऑटो’वर ठेवून कमाल मर्यादा ३२०० किंवा ६४०० करावी, निकॉनच्या मेन्यूत त्याच जागी ‘पी’ आणि ‘ए’ मोडसाठी शटरची किमान मर्यादाही ठरवता येते, ती घरगुती समारंभाला १/१२५ ठेवावी. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. दाणे संगणकावर कमी करता येतात, हललेला चेहरा परत जुळवता येत नाही.

शटर आणि अ‍ॅपर्चर दोन्ही आपणच ठरवायचा ‘एम’ मोड शिकल्याशिवाय फोटोग्राफर होत नाही, हा समज खोटा आहे. उजेड बदलत नसेल, उदाहरणार्थ मंडपातल्या ठरलेल्या दिव्यांखाली शंभर फोटो काढायचे असतील, तर ‘एम’ उत्तम. एकदा बसवले की सगळे फोटो सारखे येतात. ढगांची ये-जा चालू असलेल्या मिरवणुकीत मात्र ‘ए’ किंवा ‘एस’च बरे.

अधिक-उणे बटणाबद्दल थोडे थांबून लिहायला हवे, कारण गणपतीचे निम्मे फोटो तिथे फसतात. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरी राखाडी आहे असे धरून चालतो. पांढऱ्या कापडाचे मखर आणि मागे दिव्यांच्या माळा असतील तर त्याला वाटते उजेड फार आहे. मग मीटर फोटो गडद करतो आणि मूर्ती काळवंडते. तिथे अधिक १ करावे, किंवा मीटरिंग ‘स्पॉट’वर नेऊन मूर्तीच्या चेहऱ्यावर मोजावे. उलट, दिवे मालवून नुसत्या निरांजनाच्या उजेडात आरती चालू असेल तर काळोख पाहून मीटर फोटो उजळवतो, ज्योती पांढऱ्याफटक होतात आणि अंधाराचा सगळा भाव जातो. तिथे उणे १. काम झाले की ते शून्यावर आणायला विसरू नये. निकॉन आणि कॅननच्या अनेक कॅमेऱ्यांत ही सेटिंग कॅमेरा बंद केल्यावरही तशीच राहते. ‘परवापासून सगळेच फोटो काळे येतात’ या तक्रारीत आधी हाच आकडा पाहावा.

किट लेन्सचीही एक मर्यादा माहीत हवी. १८-५५ लेन्स १८ वर एफ ३.५ उघडते, पण झूम करून ५५ वर नेली की एफ ५.६. म्हणजे उजेड निम्म्याहूनही कमी. घरात दोन पावले पुढे जावे, झूम कमी करावा. आणि खर्च करायचाच असेल तर नव्या कॅमेऱ्याऐवजी ५० मिमी एफ १.८ ची लेन्स घ्यावी. एफ ५.६ च्या तुलनेत ती जवळजवळ दहापट उजेड आत घेते. घेताना एक तपासावे: निकॉनच्या डी३५००, डी५६०० अशा कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यांना ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लिहिलेली लेन्स लागते, जुनी ‘एएफ-डी’ लेन्स बसते पण आपोआप फोकस करत नाही, आणि लोक ती बिघडलेली समजून परत करायला जातात.

दिव्यांच्या माळा आणि एलईडी आल्यापासून एक नवीच तक्रार वाढली आहे: फोटोवर आडवे काळसर पट्टे, किंवा लागोपाठ काढलेल्या तीन फोटोंत एक पिवळा, एक हिरवट, एक काळपट. कॅमेरा धडधाकट असतो. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला ते दिसत नाही, १/५०० च्या शटरला दिसते. शटर १/१०० किंवा १/५० वर आणले की पूर्ण चढ-उतार आत येतो आणि पट्टे जातात. ‘सायलेंट’ किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर ते बंद करून यांत्रिक शटर घ्यावे, कारण इलेक्ट्रॉनिक शटर चित्र ओळीओळीने वाचते आणि पट्टे अधिक ठळक होतात. अमेरिकेहून नातेवाइकांनी आणलेल्या कॅमेऱ्यात मेन्यूमधली फ्लिकरची (दिव्यांच्या लुकलुकण्याची) सेटिंग अनेकदा ६० हर्ट्झवर असते. ती ५० करावी. रंग बदलणाऱ्या मंचावरच्या दिव्यांचा ताल वेगळा असतो, तिथे १/५०, १/६०, १/८० असे दोन-तीन वेग करून पाहण्यावाचून इलाज नाही.

फ्लॅशबद्दलचे गैरसमज तर मंडपात दरवर्षी दिसतात. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या छोट्या फ्लॅशचा गाइड नंबर (त्याच्या ताकदीचा आकडा) साधारण ७ ते १२. हा आकडा १० धरला आणि एफ ४ ने भागला तर आयएसओ १०० ला अडीच मीटर पोच निघते. आयएसओ ४०० केला तर पाच मीटर. पंधरा मीटरवरच्या मूर्तीसाठी तो उडवून काही उपयोग नाही, पुढच्या माणसाचे डोके तेवढे पांढरे होते. फोटोच्या खालच्या भागात अर्धगोल काळी सावली येत असेल तर लेन्सचे हूड (पुढची कडी) काढावे. फ्लॅशचा उजेड त्याला अडतो. बाहेरचा साधा फ्लॅश लावल्यावर फोटोचा एक भाग काळा येतो तो शटर साधारण १/२०० हून वेगवान ठेवल्यामुळे. आणि पावसात किंवा गुलालात फ्लॅश टाकल्यावर येणारी पांढरी गोल वर्तुळे म्हणजे लेन्सजवळच्या थेंबांवर, धुळीच्या कणांवर पडलेला उजेड. त्यात अद्भुत काही नाही. माणूस आणि मागची रोषणाई दोन्ही हवे असतील तर ‘नाइट पोर्ट्रेट’ किंवा स्लो सिंक (फ्लॅशबरोबर शटर जास्त वेळ उघडे ठेवणे) निवडावे आणि फ्लॅश उडल्यानंतरही समोरच्याला क्षणभर हलू नको म्हणावे.

फोकस चुकण्याचे मुख्य कारण असे की ऑटोत कॅमेरा बहुधा सर्वांत जवळची ठळक वस्तू पकडतो. फोकस पॉइंट एकच, मधला निवडावा. तो डोळ्यावर ठेवून बटण अर्धे दाबावे, टिक् झाले की चौकट जुळवून पूर्ण दाबावे. पळणाऱ्या विषयाला त्याच्या मागे फिरणारा फोकस मोड घ्यावा: निकॉन-सोनीत ‘एएफ-सी’, कॅननमध्ये ‘एआय सर्व्हो’. लेन्स नुसतीच पुढेमागे घरघरत राहिली तर उजेड कमी आहे, समोर सपाट भिंत आहे, किंवा आपण फार जवळ आहोत. १८-५५ ला साधारण २५ सेंटिमीटर अंतर लागते. काहीच हालचाल नसेल तर लेन्सच्या कडेचे बटण ‘एम’ किंवा ‘एमएफ’वर, म्हणजे हाताने फोकस करण्यावर, सरकले आहे का पाहावे. व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) सगळे अंधुक आणि फोटो मात्र स्वच्छ, असे असेल तर व्ह्यूफाइंडरशेजारची चष्म्याच्या नंबरची बारीक चकती फिरलेली असते. आतली अक्षरे स्पष्ट दिसेपर्यंत ती फिरवावी. व्ह्यूफाइंडरमधून काढलेला फोटो मऊ आणि लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या पडद्यावर पाहून) त्याच अंतरावरचा धारदार येत असेल, तेव्हाच कॅमेरा-लेन्सच्या जुळणीचा दोष धरावा आणि सेवा केंद्रात न्यावा.

बटण दाबले आणि काहीच झाले नाही, तर घाबरण्याआधी पाहण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. कार्ड आत आहे का, त्याच्या डाव्या कडेची कुलपाची खिट्टी खाली सरकली आहे का, ड्राइव्ह मोड (फोटो एक, लागोपाठ की थांबून घ्यायचा ते) सेल्फ टायमरवर राहिला आहे का, फोकस बसला आहे का. निकॉनच्या आत मिटणाऱ्या १८-५५ ला आधी रिंगवरचे बटण दाबून लेन्स उघडावी लागते, नाहीतर कॅमेरा फोटोच घेत नाही. कॅननवर ‘एरर ०१’ म्हणजे लेन्स आणि बॉडी यांचा संपर्क तुटला. कॅमेरा बंद करून लेन्स काढावी, मागच्या सोनेरी टिकल्या कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसाव्यात, परत ‘टक्’ आवाज येईपर्यंत फिरवावी. खोडरबराने घासू नये, त्याचा चुरा आत पडतो आणि मुलामा झिजतो. ‘एरर ०२’ कार्डाचा. निकॉनवर ‘एफईई’ दिसले तर जुन्या लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर, म्हणजे १६ किंवा २२ वर, नेऊन अडकवावी. कॅननचा ‘एरर २०’ किंवा ‘३०’ बॅटरी काढून पुन्हा घातल्यावरही येत राहिला तर आतल्या यंत्रणेचे काम आहे, घरी खटपट करू नये. सेटिंग कुणीतरी बदलून ठेवल्या आहेत असे वाटले तर निकॉनच्या अनेक मॉडेलवर हिरवा ठिपका असलेली दोन बटणे दोन सेकंद एकदम दाबून, आणि कॅननमध्ये मेन्यूतल्या ‘क्लिअर ऑल कॅमेरा सेटिंग्ज’ने सगळे मूळपदावर येते.

जुन्या छोट्या कॅमेऱ्यांची कॉलेजातल्या मुलांत पुन्हा आवड वाढली आहे, ते आम्हाला मनापासून आवडते. त्यांच्यासाठी चार गोष्टी. साधारण २००६ पूर्वीच्या कॅमेऱ्यात २ जीबीपर्यंतचेच एसडी कार्ड चालते. त्यानंतरच्या पुष्कळांत ३२ जीबीपर्यंत. ६४ जीबीचे कार्ड ओळखले नाही तर दोष कॅमेऱ्याचा नव्हे. कार्ड संगणकावर नव्हे, कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे. फोटो चुकून पुसले गेले तर त्या कार्डावर पुढे एकही फोटो घेऊ नये. फोटोरेक नावाचे मोफत सॉफ्टवेअर बहुतेक वेळा ते परत काढते. पेन्सिल सेलवर चालणाऱ्या कॅमेऱ्यात साधे स्वस्त सेल घातले तर लेन्स अर्धी बाहेर येऊन थांबते, कारण लेन्सच्या मोटरला एकदम लागणारा करंट त्यांना देता येत नाही. २००० एमएएच क्षमतेचे रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घ्यावेत. सेलच्या खोबणीत चुन्यासारखी पांढरी पूड साचली असेल तर ती अल्कलाइन सेलची गळती असते. कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून टोके पुसावीत आणि नीट वाळू द्यावीत. तारीख सारखी मागे जात असेल तर आतली छोटी बॅटरी उतरली आहे. अनेक कॅमेऱ्यांत मुख्य बॅटरी भरून दोन-तीन दिवस आत ठेवली की ती भरते. फुगलेली लिथियम बॅटरी मात्र जोर लावून आत बसवू नये, ती बाद समजावी. आणि २००२ ते २००४ च्या सुमाराचा कॅमेरा जांभळे, विस्कटलेले चित्र दाखवत असेल तर ते जुनेच दुखणे आहे: त्या काळच्या सोनीच्या काही सीसीडी प्रकारच्या सेन्सरच्या आतल्या जोडण्या उष्ण-दमट हवेत सुटत, आणि २००५ साली सोनीसकट अनेक कंपन्यांनी तसे जाहीर केले होते. असा कॅमेरा कोकणात विकत घेताना आधी चालवून पाहावा.

आता पावसाळा. महाराष्ट्रात कॅमेऱ्याचा खरा शत्रू धक्का नव्हे, ओल आहे. जुलैत मुंबई आणि कोकणातली हवा ८० टक्क्यांच्या वर दमट असते. अशा हवेत महिनोन् महिने बॅगेत बंद पडलेली लेन्स सादळते आणि काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी धरते. चामड्याची पेटी तर बुरशीला आवडतेच. पाहायचे असे: लेन्स बॉडीवरून काढून एका बाजूने तिरका टॉर्च मारावा आणि दुसऱ्या बाजूने पाहावे. कडेचा एखादा ठिपका असेल तर फोटोवर फरक पडत नाही. जाळे मधोमध पसरले असेल तर उजेडाकडच्या फोटोत दूध सांडल्यासारखे दिसते. बुरशी वेळेत काढली नाही तर काचेवरचा लेप खाते, आणि मग साफ करूनही खूण राहते.

त्यासाठी महागडे कपाट नसले तरी चालते. घट्ट झाकणाचा दहा लिटरचा प्लास्टिकचा डबा, आत १०० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवावा. ३० च्या खाली गेला तर रबर आणि वंगण सुकते. नारिंगी दाणे हिरवे, किंवा निळे दाणे गुलाबी झाले की जेल भरले. मंद तव्यावर किंवा ओव्हनमध्ये सुमारे १२० अंशांवर दोन तास ठेवून रंग परत आला की थंड करून वापरावे. तांदूळ ठेवू नयेत, त्यांची भुकटी आत जाते आणि ओल फारशी ओढली जात नाही. कपड्यांच्या कपाटात डांबराच्या गोळ्यांजवळ किंवा कापराजवळही कॅमेरा नको. कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकाही तसे बजावतात. डबा नसेल तर निदान आठवड्यातून एकदा कॅमेरा बाहेर काढून फोकस-झूमच्या रिंगा फिरवाव्यात, पाच-दहा फोटो काढावेत.

एसीच्या गाडीतून किंवा खोलीतून थेट समुद्रावर उतरलात तर लेन्स धुकटते. पुसत बसू नये, आणि त्या वेळी लेन्स बदलू तर मुळीच नये. थंड खोलीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत हवाबंद करावा आणि बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास तसाच राहू द्यावा. दव पिशवीवर बसते, काचेवर नाही. कास पठारावरच्या धुक्यात आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही हेच लागू.

विसर्जनाच्या दिवशी गुलाल आणि वाळू. साधी जाड पारदर्शक पिशवी घ्यावी, तळाला हूडच्या मापाचे भोक पाडून रबरबँडने हूडवर बसवावी, मागून हात घालावा. पुढे यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सवर चढवायची साधी काच. कॅननच्या १८-५५ ला तो ५८ मिमीचा, निकॉनच्या नव्या १८-५५ ला ५५ मिमीचा, जुन्याला ५२. नक्की माप लेन्सच्या पुढच्या कडेवर तिरकी रेघ मारलेल्या गोलाच्या चिन्हापुढे लिहिलेले असते. गर्दीत लेन्स बदलायची नाही. घरी आल्यावर ओला फडका लावायचा मोह आवरावा: गुलाल ओला झाला की रंग फटींत उतरतो. आधी रबरी ब्लोअर, मग मऊ ब्रश, सगळ्यात शेवटी किंचित ओलसर कापड. तोंडाने फुंकर नको, तिच्याबरोबर थुंकी जाते. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स वाळूने अडकली असेल तर बॅटरी काढून तोंड खाली धरावे, नळ्यांच्या फटींतून ब्लोअर मारावा. ढकलू नये, ओढू नये. कॅमेरा खाऱ्या पाण्यात पडलाच तर पुन्हा चालू करून पाहू नये. बॅटरी आणि कार्ड तत्काळ काढावे, बाहेरून गोड्या पाण्याच्या ओलसर कापडाने पुसून त्याच दिवशी दुरुस्तीला द्यावा. मिठाने सर्किट खायला फार दिवस लागत नाहीत.

मिरवणुकीनंतर सगळ्या फोटोंत एकाच जागी काळसर ठिपका दिसू लागला तर सेन्सरवर कण बसला आहे. एफ १६ किंवा २२, आयएसओ १००, फोकस बिघडवून आकाशाचा फोटो काढावा. ठिपके स्पष्ट दिसतात. फोटोत डावीकडे वर दिसणारा कण सेन्सरकडे समोरून पाहताना डावीकडे खाली असतो, कारण चित्र सेन्सरवर उलटे पडते. बॅटरी पूर्ण भरून मेन्यूतले कॅननमध्ये ‘क्लीन मॅन्युअली’ किंवा निकॉनमध्ये ‘लॉक मिरर अप फॉर क्लीनिंग’ निवडावे, कॅमेऱ्याचे तोंड खाली करून ब्लोअरने चार-पाच झोत मारावेत. डब्यातला दाबाचा वायू वापरू नये, त्यातला द्रव सेन्सरवर उडतो. एवढ्याने गेला नाही तर स्वॅब (साफ करण्याची मऊ पट्टी) लावण्याचे काम सवयीच्या माणसाला द्यावे.

फोटोखालच्या आकड्यांकडे परत येतो. मोबाइलने काढलेल्या फोटोंतही ही नोंद असते. बहुतेक मोबाइलचे अ‍ॅपर्चर कायमचे ठरलेले असल्याने तिथे शटर आणि आयएसओ एवढेच छापले तरी चालेल. या गणेशोत्सवात सगळ्या पानांवर जमले नाही, तर विसर्जनाच्या पानापासून तरी सुरुवात व्हावी. त्या संध्याकाळी उजेड तासातासाला उतरत जातो, आणि पाच वाजताचे आकडे व आठ वाजताचे आकडे शेजारीशेजारी छापले तर त्यात वाचकाला पुष्कळ शिकता येईल.

आपले नम्र,
कॅमेरा दुरुस्ती आणि छायाचित्रणाचे काम करणारे दोन वाचक
रत्नागिरी